देठ

पुण्याच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे एका औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं असे. बाबांचे एक डॉक्टर मित्र होते, त्यांच्याकडे अशी पाच-सहा यायची, त्यातलं एक आमच्या वाट्याला. साल कुठलंही असो, ऑक्टोबरच्या पानावर चित्र ठरलेलं. काळंभोर तळं आणि त्यावर तरंगणारी लाल, केशरी, पिवळी पानं. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी ‘ऑटम म्हणजे शरद’ असं फळ्यावर लिहून दिलं होतं. म्हणून मी ऑक्टोबरात खिडकीतून बाहेर बघायची. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत असायचं आणि समोरचा पिंपळ पावसाळा पिऊन हिरवागार. एक पान गळेल तर शपथ.

बाईंचा महिन्यांचा हिशेब बरोबर होता, झाडांचा चुकला होता. आपला शरद आश्विन-कार्तिकातला. त्यात पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, पण पानं जागच्या जागी असतात. ती गळतात शिशिरात, माघ-फाल्गुनात. थंडीच्या देशांत दिवस लहान व्हायला लागले, गारठा वाढला की झाड पान सोडतं. आपल्याकडे ते ओलीचा अंदाज घेऊन सोडतं. जमिनीतलं पाणी खाली उतरायला लागलं की पानांवाटे उडून जाणारं पाणी झाडाला परवडत नाही. म्हणजे गंमत अशी, की इथे पान पडतं ते पाणी आटू लागल्यामुळे, आणि मला फोटो हवा होता तो पाण्यावरच्या पानाचा.

हे सगळं कळायला मला तिशी उलटावी लागली. तोवर एक कॅमेरा आला होता, दोन लेन्स आल्या होत्या, आणि सुट्टी मिळाली की खांद्यावर ट्रायपॉड टाकून कुठेतरी निघायचं वेड लागलं होतं. जपानी लोक पानांचे रंग बघायला डोंगरात जातात, त्या जाण्याला त्यांच्याकडे ‘मोमिजीगारी’ म्हणतात. त्यातल्या ‘गारी’चा अर्थ शिकार. हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा मला तो फार आवडला होता. आता तितकासा आवडत नाही. का ते पुढे येईलच.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं, धामापूरच्या तळ्यापासून फार लांब नाही. लहानपणी मे महिन्यात गेलं की एखादी दुपार त्या तळ्यावर जायची. कुडाळहून मालवणकडे जाताना लागणारं हे तळं नागेश देसाई या विजयनगरच्या मांडलिकानं 1530 साली बांधलं असं सांगतात. दोन टेकड्यांच्या मधे बांध घातलेला, काठावर भगवतीचं देऊळ, देवळापासून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि पलीकडे पाण्यावर ओणवलेलं रान. जवळजवळ पाचशे वर्षं खालच्या शेतांना आणि पोफळीच्या बागांना या तळ्याचं पाणी मिळतंय. 2020 साली सिंचनाच्या जागतिक वारशांच्या यादीत त्याचं नाव लागलं, तेव्हा पेपरातलं कात्रण मामानं मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. सोबत एकच वाक्य. ‘आमका आधीच म्हायत होता.’

तळ्याची एक गोष्ट तिकडे प्रत्येक घरात सांगतात. कुणाकडे लग्न निघालं आणि दागिन्यांची ऐपत नसली, की देवीला सांगून फुलांनी भरलेली परडी पाण्यात सोडायची. परडी बुडायची आणि दागिने घेऊन वर यायची. कार्य उरकलं की दागिने तसेच पाण्याला परत. मग कुणीतरी एकानं परत केले नाहीत, तेव्हापासून परडी वर येईनाशी झाली. लहानपणी मी त्या पायऱ्यांवर बसून हातात येईल ते पाण्यात सोडायची आणि बुडतंय का बघायची. फुलं बुडत नाहीत. पानं तर मुळीच नाहीत, निदान लगेच नाहीत. पानावर मेणाचा पातळ थर असतो, पाणी त्याला चिकटायला तयार नसतं, आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण पानाला खालून तोलून धरतो.

पहिल्यांदा मी माघात आजोळी गेले ते मामेभावाच्या मुलाच्या बारशाला. बारसं राहिलं बाजूला, मी पहाटे उठून तळ्यावर. तो काळ मला अगदी नवा होता. मे महिन्यातलं कोकण मला पाठ होतं, हे नव्हतं. रानात कुंभा लाल झाला होता. कुंभ्याची पानं मोठी, हाताच्या पंज्यापेक्षा लांब, फांदीच्या टोकाशी झुपक्यानं येणारी, आणि गळायच्या आधी काही दिवस अशी पेटतात की कॅलेंडरातल्या त्या परदेशी झाडांनी बघत राहावं. फणस बाराही महिने हिरवा असला तरी त्याचंही एखादं जुनं पान हळदीसारखं पिवळं होऊन खाली येत होतं. वाटेवर, पायऱ्यांवर, बांधावर सगळीकडे पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं. मी कॅमेरा घेऊन चाललेली बघून मामीनं पहिल्याच दिवशी विचारलं, “पानांचे फोटो? मग झाडू कोण मारतलो?”

मामीच्या लेखी पान म्हणजे काम. पातेरो गोळा करायचा, थोडा माडांच्या मुळाशी घालायचा, उरलेला भाजावळीला ठेवायचा. भाताच्या रोपांचा तरवा टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, पातेरा पसरून जाळतात, ती भाजावळ. तिच्या लहानपणी फणसाचं पान दुमडून, हिराची, म्हणजे माडाच्या पातीच्या शिरेची, काडी टोचून त्याचा चमचा व्हायचा, त्यानं पेज प्यायची. पान कुठल्या झाडाचं, किती दिवसांचं, कशाला उपयोगी, हे ती चालता चालता सांगते. मी त्याच पानाकडे फोकस, एक्स्पोजर आणि पार्श्वभूमी अशा तीन अडचणी म्हणून बघत होते.

अडचणी खऱ्याच असतात म्हणा. पाण्यावरच्या पानाचा फोटो काढून बघितल्याशिवाय त्यातली मेख कळत नाही. एका चौकटीत तीन थर येतात. वर पान, पाण्याच्या पातळीवर. खाली तळ, तिथली माती, बुडालेली जुनी पानं, एखादा मासा. आणि तिसरं प्रतिबिंब, ते कुठे असतं विचाराल तर पाण्याच्या पृष्ठभागावर मुळीच नसतं. समोरचं झाड पाण्यापासून साठ फुटांवर असेल, तर त्याच्या प्रतिबिंबावर फोकस करताना लेन्सला तुमच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर अधिक ते साठ फूट असं धरावं लागतं. म्हणजे पान पाच फुटांवर आणि त्याला टेकलेलं झाडाचं प्रतिबिंब पासष्ट फुटांवर. डोळ्याला दोन्ही एकाच पातळीवर दिसतात, कॅमेऱ्याला नाही. पान धारदार घेतलं की झाड विरघळतं, झाड घेतलं की पान म्हणजे नुसता लाल डाग.

त्यात प्रकाशमापकाची वेगळी खोड. सावलीतलं तळं काळं दिसतं, कॅमेरा त्या काळ्याला राखाडी करायला बघतो, आणि त्या नादात पान करपून पांढरं पडतं. लालसर पानाचं तर विचारूच नका. उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्यानं, कधी दीड स्टॉप मुद्दाम कमी ठेवला तरच लाल हा लाल राहतो. हे मी तिसऱ्या दिवशी शिकले. पहिल्या दोन दिवसांचे सगळे फोटो टोमॅटो सॉस सांडल्यासारखे होते.

आणि पोलरायझर. लेन्सच्या पुढे लावायची ही गोल काच फिरवली की पाण्यावरची चकाकी निघून जाते. पण कुठूनही नाही जात. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश माणसानं 1815 साली त्याचा नियम मांडला, आणि पाण्यापुरता तो इतका सोपा आहे की पायऱ्यांवर बसून वितीनं मोजता येतो. कॅमेरा पाण्यापासून तीन फूट उंच असेल, तर चार फूट पुढच्या पाण्यावरची चकाकी जवळजवळ पूर्ण पुसली जाते. तीनाला चार. सहाला आठ. त्या जागी काच फिरवली की आभाळ नाहीसं होतं आणि तळ उघडा पडतो. आणखी नव्वद अंश फिरवली की तळ जातो, आभाळ परत येतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी अर्धा तास फोटो न काढता नुसती काच फिरवत बसले होते. आभाळ, तळ, आभाळ, तळ. देवळात आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, कॅमेरा बिघडलाय का.

तळ दिसायला लागला की आणखी एक गोष्ट दिसते, ती मात्र उन्हातच. तरंगणाऱ्या पानाची सावली. ती पानाच्या आकाराची असते, पण तिच्या कडेला उजेडाची एक बारीक चकचकीत रेघ असते. पानाच्या कडेशी पाणी किंचित वर किंवा खाली वळलेलं असतं, ते वळण भिंगासारखं काम करतं आणि ऊन तळाशी गोळा करतं. पान हललं की ती रेघ हलते. दोन पानं जवळ आली की बघायला आणखी मजा. बोटभर अंतर उरलं की ती एकमेकांकडे आपोआप सरकू लागतात आणि शेवटी चिकटतात. हेही त्या वळलेल्या पाण्यामुळेच. मामीला सांगितलं तर ती म्हणाली, घंगाळात पडलेल्या पानांचं रोज हेच चालतं, त्यात नवीन काय.

आता ‘शिकार’ हा शब्द का आवडेनासा झाला, ती गोष्ट.

त्या पहिल्या माघात मी चार सकाळी तळ्यावर घालवल्या. मला हवं होतं ते पान, हव्या त्या जागी, हव्या त्या उजेडात पडायला तयार नव्हतं. पडायचं ते उलटं, फिकट पाठ वर करून. किंवा नावेसारखं वळून वाऱ्यानं मधे निघून जायचं. किंवा थेट शेवाळात. पाचव्या दिवशी दुपारी माझी बस होती. साडेसात वाजले, ऊन बांधावरून खाली उतरायला लागलं, पाणी आरशासारखं, आणि पाण्यावर पान एकही नाही. डोक्यावर कुंभ्याची एक फांदी, हाताला येईल इतकी खाली. तिच्या टोकाशी एक लाल पान, एकही भोक नाही, एकही डाग नाही. मी ते धरलं. सहज सुटेल असं वाटलं होतं, सुटलं नाही. ओढलं तेव्हा आलं. मग खालच्या पायरीवर बसून ते दोन बोटांनी अलगद पाण्यावर ठेवलं, तीन फुटांवर कॅमेरा, चार फुटांवर पान, काच फिरवली, आणि दहा मिनिटांत बावीस फोटो काढले. त्यातला एक चांगला आला. खरंच चांगला. काळं पाणी, त्यात एकटं लाल पान, खाली त्याची उजेडाची किनार असलेली सावली.

तो फोटो हौशी छायाचित्रकारांच्या एका प्रदर्शनात लागला. लोक त्याच्यासमोर थांबत. ‘किती वाट बघावी लागली असेल’ असं एक बाई म्हणाल्या, आणि मी म्हणाले, “पाच दिवस.” ते खोटं नव्हतं. पण बोलून झाल्यावर जिभेवर काहीतरी राहिलं.

पुढच्या वर्षी त्याची एक मोठी प्रत चौकट करून मी मामीसाठी नेली. तिनं पदराला हात पुसले, चष्मा शोधला, फोटो ओटीवर उजेडात धरला. मी कौतुकाची वाट बघत उभी. तिनं बघितलं, जवळ घेतलं, पुन्हा बघितलं.

“गो, ह्या तोडलेला मा?”

मी काहीच बोलले नाही.

“देठ बघ. साल इलीहा. आपसूक पडलेल्या पानाचो देठ असो नसता. ह्या पिकलेला असता तर हात लावताच हातात इला असता.”

मी तो फोटो निदान शंभर वेळा मोठा करून बघितला होता. शिरा बघितल्या होत्या, रंग बघितला होता, कडेची बारीक चमक बघितली होती. देठ कधी बघितलाच नव्हता. कुंभ्याचा देठ आखूड, जाडसर. त्याच्या टोकाशी सालीची एक बारीकशी चिंधी लोंबत होती. पान गळायचं असतं तेव्हा देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो. तिथली पकड हळूहळू सुटत जाते, आणि फांदीवरची जखम खालून आधीच बुजायला लागलेली असते. म्हणून आपणहून पडलेल्या पानाच्या देठाचं टोक स्वच्छ, गुळगुळीत असतं, आणि फांदीवर त्याच्याच मापाचा एक सुकलेला डाग. माझ्या पानाचं हे व्हायचंच होतं. आणखी आठ दिवस, कदाचित दहा.

मामी रागावली नव्हती. तिला पान तोडण्यात काही वावगंही वाटत नव्हतं, आयुष्यभर तिनं पानंच तोडली आहेत. तिनं फक्त ओळखलं होतं, जसं शिळं दूध ओळखतात. तेवढं सांगून ती चहा ठेवायला गेली.

त्यानंतरची तीन वर्षं मी माघात तिकडे जाते. पान तोडत नाही, उचलून इकडचं तिकडे ठेवत नाही, काठीनं ढकलत नाही. याला तत्त्व वगैरे म्हणायला मी तयार नाही, कारण फूल वेलीवरून घेऊन तबकात मांडलं आणि फोटो काढला तर मला काही वाटत नाही. फक्त पाण्यावरचं पान असेल तर आता हात उचलत नाही, इतकंच. वाट बघण्यात जे दिसलं ते मात्र आधी दिसलं नव्हतं. दोन दिवस तरंगलेल्या पानाच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ असते, वर पिठासारखी धूळ बसलेली असते. एखादी मुंगी अडकून पडलेली असते आणि कडेकडेनं गोल गोल फिरत असते. पानाचा रंग पहिल्या एक-दोन दिवसांतच पाण्यात उतरायला लागतो. पान फिकट होत जातं. घराच्या मागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जिथे पाणी आटत आटत छोट्या कोंडी उरतात, तिथलं पाणी या दिवसांत कोऱ्या चहासारखं होतं.

व्हाळात पाणी दगडावरून पडतं तिथे पांढरट फेस साठतो. मी त्याला घाण समजून चौकटीच्या बाहेर ठेवायची. मग वाचलं की 1942 साली इनगोल्ड नावाच्या ब्रिटिश संशोधकानं ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या बुरशा शोधल्या. त्यांतल्या पुष्कळांचे बीजाणू गोल नसून चार पायांच्या चांदणीसारखे असतात, आणि ते नेमके अशा फेसात अडकून राहतात. ही बुरशी आधी पान मऊ करते, मग पाण्यातले किडे ते खातात, आणि शेवटी शिरांची जाळी उरते. ती जाळी उचलायला गेलं तर बोटात येत नाही. तिचे फोटो मी पुष्कळ काढले. घरी कुणाला दाखवले तर सगळे विचारतात, हे काय आहे.

यंदा माघात चौथ्या सकाळी एक पान पडलं. मी बघत असताना पडलं, हे महत्त्वाचं. कुंभ्याचंच, वरच्या फांदीवरचं. आधी आवाज आला, सुकं पान दुसऱ्या पानांवरून घरंगळताना येतो तसा, मग ते दोन गिरक्या घेऊन पाण्यावर बसलं. माझ्यापासून सात-आठ फुटांवर, म्हणजे माझ्या तीनाला-चारच्या हिशेबात कुठेच न बसणारं. रंग अर्धा लाल, अर्धा तपकिरी, एका कडेला किड्यानं खाल्लेलं. मी ट्रायपॉड सोडला, कॅमेरा हातात घेतला आणि चप्पल काढून दोन पायऱ्या पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याला लागलं तसं गार. मी हलले की पाणी हलायचं, पाणी हललं की पान पुढे. मग नुसती उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, देवळातली घंटा दोनदा वाजली. पाणी थांबल्यावर पान आपणहून फिरलं आणि देठ माझ्याकडे आला. टोक स्वच्छ, फिकट, एखाद्या टाचणीच्या डोक्यासारखं. काच फिरवली तर आभाळ पूर्ण पुसलं जाईना, अर्धं राहिलं. तसंच घेतलं. सहा फोटो. नंतर वारा सुटला.

त्यातला एक बरा आहे. प्रदर्शनाला देण्यासारखा नाही. पान चौकटीच्या कडेला गेलंय, वरच्या कोपऱ्यात आभाळाचा एक पांढरा ओघळ आहे, आणि तळ अर्धवट दिसतो. तिथे गेल्या वर्षीची कधीची पानं एकमेकांवर पडून काळी झाली आहेत. त्याचीही मी छोटी प्रत करून घेतली आणि शिमग्याला गेले तेव्हा मामीला दिली. तिनं चष्मा लावला, देठाशी बोट नेलं, आणि मान डोलावली.

“ह्या पडलेला.”

मग तिनं तो फोटो भांड्यांच्या कपाटात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली सपाट ठेवला, वाकडा होऊ नये म्हणून. तोडलेल्या पानाचा मोठा फोटो मात्र ओटीवर, देवीच्या तसबिरीशेजारी अजून लटकतोय. मी एकदा म्हटलंही, मामी, तो काढ ना आता. ती म्हणाली, “ऱ्हवांदे. रंग बरो इलो हा.”